उंबराच्या विहिरीचं लाल पाणी

मु. सांगवखेड, अकोल्याजवळ
माघ वद्य ८, शके १७८५

प्रिय माणिक हिला रुख्मिणीचे दंडवत प्रणाम.

रिद्धपूरच्या आश्रमात गंगूबाई तपस्विनींनी आपल्या दोघींच्या पुढ्यात धूळपाटी ठेवली, तेव्हा तू विचारलं होतंस, "अक्षरं शिकून पोरी काय करतीन?" आज उत्तर देते. अडचणीत सापडल्या की एकमेकींना पत्र लिहितील.

इकडे कपाशीनं सगळ्यांना वेड लावलं आहे. दूर समुद्रापलीकडे कुठे लढाई चालू आहे आणि तिच्यामुळे कापसाला भाव आला म्हणून आमच्या गावात वांग्याचे वाफे मोडून सरकी पेरली जाते! आम्ही माळी, आमचा भाजीपाल्याचा मळा तेवढा अजून हिरवा आहे. कपाशीच्या गाड्या रात्रंदिवस नदीच्या उतारातून जातात. बैल ज्या डोहात बसतात तोच आमचा पिण्याचा डोह. मागच्या पावसाळ्यात पटकीनं गावातली अकरा माणसं नेली. म्हणून मामाजींनी, म्हणजे माझे सासरे खुशालराव यांनी, गावाशेजारी उंबराखाली नवी विहीर खोदली. मळ्यालाही होईल आणि गावालाही पिण्यास होईल, असा त्यांचा विचार.

पाणी भरपूर लागलं. काढताना अगदी स्वच्छ. पण हंड्यात दोन घटका राहिलं की पिवळं पडतं, मग तांबडं. चव विळ्याचं पातं चाटल्यासारखी. धोतरं पिवळी झाली. हे सगळं लोकांनी सोसलं असतं. पण पौषात पाटलांकडे सोयरे आले. पानसुपारी झाली, वरून आमच्या विहिरीचं पाणी दिलं, आणि सहाच्या सहा माणसांची तोंडं आतून काळीभोर झाली. सोयरे जेवायला न थांबता उठले. तेव्हापासून गाव म्हणतं, विहिरीला रगत लागलं आहे.

पाटील भगवंतरावांनी ठरवलं आहे की आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, विहीर बुजवायची. त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. "पितराईले हे पानी देता काय?" असं ते भर चावडीत म्हणाले.

सहदेव गाडीवाल्याबरोबर चिनीमातीच्या बरणीत पाणी पाठवते आहे. अमरावती मोठं शहर. कुणी जाणतं माणूस पाहा आणि यात काय आहे ते कळव. लवकर.

तुझी
रुख्मिणी


अमरावती
फाल्गुन शुद्ध १

प्रिय रुख्मे, दंडवत.

बरणी पोचली. अर्धी. सहदेवला विचारलं तर म्हणतो, "बाई, वाटंत तहान लागली. पानी गोड होतं, मंग प्यालो." म्हणजे ज्या पाण्याला तुझं गाव भितं ते तुमचा गाडीवाला मजेत पिऊन आला आणि अजून ठणठणीत आहे!

आमच्या गल्लीच्या टोकाला रंगाऱ्यांची घरं आहेत. त्यातल्या पार्बताबाईंना पाण्याची फार पारख. कोणत्या विहिरीच्या पाण्यात लाल रंग खुलतो आणि कोणत्या पाण्यात मळकट होतो, हे त्या जिभेवर थेंब ठेवून सांगतात. मी बरणीतलं पाणी हळूच तांब्यात ओतून नेलं. त्यांनी चाखलं. मग हिरड्याची पूड टाकली आणि हलवलं. पाणी जरासं पिवळसर झालं, बस. त्या म्हणाल्या, "चांगलं पानी हाय वं. कोनी खराब म्हनलं याले?"

आता मी तुला काय सांगू? मीही प्याले. आमच्या बाजारच्या विहिरीपेक्षा गोड लागलं. तुझ्या गावकऱ्यांच्या डोळ्यांत सरकी गेली असेल, नाहीतर तुझ्या सासूबाईंचे हंडे गंजके असतील. लहानपणी तू एकदा सापाची कात पाहून "नाग आला" म्हणून सगळा आश्रम जागा केला होतास, त्याची आठवण झाली, एवढंच म्हणते.

तुझी
माणिक


सांगवखेड
फाल्गुन शुद्ध ८

माणिक,

हंडे तांब्याचे आहेत. तांब्याला तांबडा गंज चढत नाही, हिरवा चढतो. इतकं तुलाही माहीत असायला हवं.

मी सापाची कात पाहिलेली नाही. मी लाल पाणी पाहिलं आहे, रोज पाहते आहे, आणि इथल्या दोनशे माणसांनी पाहिलं आहे. पाटलांनी बुजवायला मुरूम-दगडांच्या सहा गाड्या विहिरीच्या काठावर आणून टाकल्या आहेत. तू हसलीस म्हणून त्या परत जाणार नाहीत.

बरणीच्या तळाशी काय होतं ते पाहिलंस का? नसेल तर पाहा. आणि हिरड्याची पूड पाठव.

रुख्मिणी


अमरावती
फाल्गुन वद्य २

माझी रुख्मे,

माझे कान धर. बरणी मी तशीच कोनाड्यात ठेवून दिली होती. तुझं पत्र वाचलं आणि उपडी केली, तर तळाला बोटभर तांबडा गाळ, हळदीत काव कालवावी तसा. तशीच पार्बताबाईंकडे धावले. त्यांनी तो गाळ हिरड्याच्या पाण्यात टाकला. घटकाभरानं पाहिलं तर काळं! आपल्या केसांसारखं काळं.

मी घाबरले, विषच वाटलं. म्हटलं, "बाई, हे इख असन काय?"

त्या इतक्या हसल्या की पदर तोंडात धरावा लागला. म्हणाल्या, "इख कायचं? लोखंड हाय ते. आमी काळा रंग कराले जुने खिळे अन् नाल मुद्दाम भिजू घालतो, अन् तुमाले फुकटात भेटून राहिलं तं तुमी रडता!" मग नीट समजावलं. मीठ पाण्यात विरघळलं की दिसत नाही, तसंच लोखंडही जमिनीच्या पोटात पाण्यात विरघळतं. हिरड्याला ते भेटलं की काळं होतं. सुपारीतही तोच तुरटपणा आहे. म्हणजे पाटलांच्या सोयऱ्यांची तोंडं काळी झाली ती रगतानं नाही, सुपारी आणि लोखंड यांच्या भेटीनं.

हिरड्याची पुडी सोबत पाठवली आहे.

आता माझा राग. सहदेवनं बोलता बोलता सांगितलं की विहिरीची जागा तू दाखवली होतीस. उंबर आहे तिथं पाणी वर असतं, असं तू सासऱ्यांना सांगितलंस आणि त्यांनी ऐकलं. आणि विहीर बुजली तर तुलाही माहेरी पोचवून देणार, असं सगळ्या गावात बोललं जातं. "आलीच अपशकुनाची," असं तुझ्या सासूबाई पाणवठ्यावर म्हणाल्या. हे मला गाडीवाल्याकडून कळावं? दोन पत्रं लिहिलीस, आणि हीच एक ओळ लिहायची राहिली?

तुझी
माणिक


सांगवखेड
चैत्र शुद्ध ६, शके १७८६

प्रिय माणिक, दंडवत.

लिहिली नाही, कारण लिहिली असती तर खरी झाली असती. हो, जागा मी दाखवली. हे सासर माझं आहे. तीन वर्षं या मळ्यात मी कांदे लावले, मेथी खुडली, मोटेच्या पाण्याला वाट करून दिली. माहेरी पोचवतील तेव्हा पोचवतील. तोवर माझ्या हातात हिरडा आहे.

तुझं पहिलं पत्र, ज्याचा मला राग आला होता, ते मी सात वेळा वाचलं. कारण त्यातच उत्तर होतं. इथून निघालेलं पाणी खराब होतं आणि तुझ्याकडे पोचलेलं पाणी चांगलं होतं. मधे कुणी काय केलं? सहदेवनं अर्धं पिऊन टाकलं आणि चार दिवस गाडीत हिंदकळवलं. बस, एवढंच!

मग मी दोन गाडगी घेतली. एक काठोकाठ भरून तोंड कणकेनं बंद केलं. दुसरं अर्धं भरलं आणि येता-जाता हलवत राहिले. दुसऱ्या दिवशी बंद गाडग्यातलं पाणी उघडलं तेव्हा स्वच्छ दिसत होतं, पण हिरडा टाकताच काळं झालं. हलवलेलं आधी लाल झालं, मग सगळा लाल गाळ तळाशी बसला. वरचं पाणी निथळून घेतलं, हिरडा टाकला. पिवळसर. माणिक, मी ओट्यावर एकटी बसून हसले. म्हणजे जे दिसत नव्हतं तेच वाईट होतं. वारा लागला की लोखंड पाण्याबाहेर येतं, दिसायला लागतं, आणि दिसलं की ते काढता येतं.

मग मळ्यात गेले आणि स्वतःलाच बोल लावला. मोट जिथं उलटते त्या दगडी थारोळ्यावर लाल शेवाळ जमलेलं. तिथून पाट निघतो, तर पहिले दहा हात लाल, मग पिवळा, मग फिका, आणि शेवटच्या वांग्याच्या वाफ्यात काचेसारखं पाणी. तीन महिने रोज मी त्या पाटावर उभी राहते, आणि पाहिलं नाही!

आता गंमत ऐक, रडावंसं वाटेल अशी. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि गावातल्या झाडून साऱ्या बाया पहाटे पहिलं काम काय करतात? रात्रीचं पाणी शिळं म्हणून हंडे उपडे करतात आणि ताजं भरतात. रात्रभर निवळलेलं चांगलं पाणी गाळासकट अंगणात जातं, आणि विहिरीतलं लोखंडाचं पाणी घरात येतं. वर अंगणातला लाल ओघळ पाहून म्हणतात, "पाहा, रगत!"

मी आत्याबाईंना सांगितलं. त्या चुलीपुढून वळल्यासुद्धा नाहीत.

"शिळं पानी पाजतं काय आमाले?"

"आत्याबाई, शिळं नाई, निवळलेलं."

"रातीचं ते शिळंच. माह्या सासूनं पाजलं नाई, मी पाजनार नाई. पितराईले शिळ्या पान्याची घागर देतं काय तू? चार अक्षरं आली तं देवाच्या वर गेली काय?"

तीन दिवसांनी मी पाटलांना निरोप धाडला की पाणी साफ होतं, मी करून दाखवते. उत्तर आलं, आखाजीच्या सकाळी, सगळ्यांपुढे. जमलं तर ठीक. नाही तर दुपारी दगड आत.

माझ्याकडे उपाय आहे, पण तो रात्र मागतो. आणि ही माणसं रात्र द्यायला तयार नाहीत. काही सुचलं तर लिही.

तुझी
रुख्मिणी


अमरावती
चैत्र वद्य १

रुख्मे,

पार्बताबाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं. तुझी दोन गाडगी ऐकून त्या उठून उभ्या राहिल्या. "मी चाळीस वर्सं पानी पाहून राहिली, मले हे सुचलं नाई," असं म्हणाल्या. तुला नमस्कार सांगितला आहे.

शिळ्या पाण्याबद्दल मी आधी लिहिणार होते की दहीही रात्रीचंच असतं, ते कुणी फेकत नाही. मग वाटलं, सासूशी वाद जिंकून काय मिळेल? त्यांचा नियम मोडू नकोस. त्यांचा नियम पाळून दाखव.

पार्बताबाई म्हणतात की घाई असली तर त्या पाणी उंचावरून धार धरून ओततात. एकदा, दोनदा, दहादा. उन्हात. वर चिमूटभर चुन्याची निवळी टाकली की आणखी लवकर फाटतं, म्हणजे गाळ सुटा होतो. मग वाळूतून आणि कोळशातून गाळतात. पहाटेचं पाणी दुपारी रंगाला लागतं.

तुझ्या वांग्याच्या वाफ्यालाही रात्र लागली नव्हती, हो ना?

तुझी
माणिक


सांगवखेड
वैशाख शुद्ध ५

माणिक, माझ्या माणिक, दंडवत, दंडवत, दंडवत!

हात अजून चुन्यानं फाटलेले आहेत, अक्षर वाकडं येईल, चालवून घे.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी यांना घेऊन विहिरीवर गेले. (यांचं नाव पत्रात लिहायला हरकत नसावी. जानराव. बोलतात कमी, पण दगड उचलायला सांगितला की कुठे ठेवू एवढंच विचारतात.) थारोळ्यातून पाणी सरळ पाटात न सोडता पायऱ्या-पायऱ्यांनी खाली पडावं, प्रत्येक पायरीवर फुटावं, उडावं, वारा खावा, असं मला हवं होतं. पण दगड कुठून आणायचे? तेवढ्यात मागून मामाजी आले. सहा गाड्यांच्या ढिगाकडे पाहून म्हणाले, "बुजवाले आनलेच हायत, तं घ्या यातलेच. पाटील आपला पावना, त्याचा दगड वाया काहून घालवा?" चार महिन्यांत ते पहिल्यांदा हसले.

बारा दिवस लागले. अकरा पायऱ्या. त्यांच्या खाली चुन्यात बांधलेला एक हौद, त्यात पाणी घटकाभर थांबतं आणि लाल गाळ खाली बसतो. मग दुसरा हौद. तळाला गोटे, त्यावर नदीची जाड वाळू, त्यावर बाभळीचा कुटलेला कोळसा, वर बारीक वाळू. त्याच्या तळातून बांबूची नळी. पहिल्या दिवशी नळीतून काळंकुट्ट पाणी आलं. हिरडा न टाकताच काळं! मग लक्षात आलं, कोळसा मी धुतलाच नव्हता. सगळं उपसून, धुऊन पुन्हा भरलं. हे सगळं आत्याबाई दुरून, गोठ्याच्या दारातून पाहत होत्या. एकदाही जवळ आल्या नाहीत.

आखाजीला उजाडतानाच गाव जमलं. पाटील घोंगडीवर बसले. यांनी मोट धरली. पाणी थारोळ्यात पडलं, पायऱ्यांवरून खळखळत उतरलं. गावातल्या पोरी ओरडल्या, "वं माय, नदीच आली!" मी दोन काशाच्या वाट्या पाटलांपुढे ठेवल्या. एकीत मोटेचं पाणी, एकीत नळीचं. दोन्ही सारखीच स्वच्छ.

"यात फरक काय हाय?" पाटील म्हणाले.

"तुमीच पाहा," म्हणून मी हिरड्याची पुडी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी पहिल्या वाटीत चिमूट टाकली. पाणी जांभळं झालं, मग काळं. लोक मागे सरकले. "रगत! रगत!" कुणी ओरडलं. मी म्हटलं, "रगत नाई, लोखंड. तुमच्या नांगराच्या फाळाचं असते तेच." दुसऱ्या वाटीत टाकली. सगळे वाकले. पिवळसर. पुन्हा टाकली. पिवळसरच. पाटलांनी तिसऱ्यांदा पुडी उपडी केली, तेव्हा मामाजी म्हणाले, "पाटील, आता औषधच होऊन जाईन ते."

हशा झाला. पण पाटील हसले नाहीत. म्हणाले, "रंग ठीक हाय. पन पितराईची घागर कोन भरनार या पान्यानं? मी नाई भरनार पयली."

कुणीही पुढे येईना. माणिक, मी त्या क्षणी हरले होते. हिरड्यानं सिद्ध होतं ते सगळं सिद्ध झालं होतं, आणि तरी हरले होते. सूर्य वर येत होता आणि उरलेल्या दगडांचा ढीग तसाच पडला होता.

तेवढ्यात गर्दी मागून फाटली. आत्याबाई आल्या. डोईवर नवी मातीची घागर. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नळीपाशी जाऊन यांना विचारलं, "कवा काढलं रे हे पानी?"

"आताच, माय. तुह्यापुढं."

"रातीचं नाई ना?"

"नाई. सूर्य निंगाल्यावरचं."

"मंग शिळं नाई." त्यांनी ओंजळ धरली. प्याल्या. तोंडात फिरवलं. मग कनवटीतून सुपारीचं खांड काढलं, सगळ्यांदेखत चावलं आणि वरून आणखी दोन ओंजळी प्याल्या. आणि पाटलांपुढे जाऊन तोंड उघडलं, आ वासून, जीभ बाहेर काढून.

"पाहा, भगवंतराव! काळी हाय काय?"

जीभ सुपारीनं लाल होती. लाल, माणिक, काळी नाही!

"पाहा नं नीट! तुमच्या सोयऱ्याईले सांगाले जा आता." मग वळून बायकांवर ओरडल्या, "उभ्या काय राहिल्या वं? घागरी भरा. पितर तहानेले बसले हायत."

आणि घागरी पुढे आल्या. एक, चार, चाळीस. नळी पुरेना. पाटलांच्या सुनेनं घागर भरली, मग पाटील स्वतः उठले. दगड परत न्यायला त्यांनी माणूस लावला. त्यालाही मामाजींनी थांबवलं. उरलेल्या दगडांचा बायांना कपडे धुवायला ओटा होणार आहे.

माझ्या हिरड्याला जे जमलं नाही ते एका सुपारीच्या खांडानं केलं. आणि ते खांड आत्याबाई घरूनच कनवटीला लावून आल्या होत्या! म्हणजे बारा दिवस गोठ्याच्या दारातून त्या नुसत्या पाहत नव्हत्या. संध्याकाळी मी पाया पडले तेव्हा म्हणाल्या, "पायऱ्या अकरा काहून केल्या? बारा कर. खालची कमी पडते, पानी उडत नाई." मी जाऊन पाहिलं. खरंच कमी पडते.

काल नदीपलीकडच्या गावाहून माणसं आली होती. त्यांच्याही विहिरीला लाल पाणी येतं. त्यांनी मामाजींना बोलावलं. मामाजी म्हणाले, "मी जाऊन काय करू? मले मोट हाकलता येते फक्त. सुनेले इचारा." आजवर या घरातली सून एकटी शिवेबाहेर गेलेली नाही. आतून आत्याबाईंचा आवाज आला, "एकटी काहून जाईन? मी जातो ना संगं. तिथल्या बायाईले शिळ्या-ताज्याचं हे पोरगी काय समजावनार? ते मलेच सांगा लागन."

पार्बताबाईंना माझे साष्टांग दंडवत. त्यांना सांग, आणखी हिरडा लागेल, पायली दोन पायली. आणि तू पावसाळ्याआधी ये. सहदेवला बरणी रिकामीच दे, नाहीतर वाटेत काय भरलेलं असेल ते पिऊन टाकेल.

बाहेर गाडी जुंपली आहे. आत्याबाई नवं लुगडं नेसून केव्हाच पुढे बसल्या आहेत, मांडीवर वाळूची टोपली घेऊन, आणि तिसऱ्यांदा हाक मारत आहेत: "रुख्मिणी, चाल वं! तिकडचे लोक लाल पानी पेऊन राहिले, अन् तू लिवतच बसली!"

निघते.

तुझी
रुख्मिणी